मोठ्यांच्या लसी, कोथरूड : आधी फ्रीज बघितला, मग दंड पुढे केला

फ्रीज दाखवा म्हटल्यावर ज्यांनी कपाळाला आठी न घालता दाखवला, त्या दवाखान्याला माझ्याकडून पाचपैकी चार तारे. पाचवा का कापला ते पुढे येईलच. नाव मुद्दाम लिहीत नाही. डॉक्टर एकट्या आहेत, मदतीला एक सिस्टर आणि काउंटरवर एक मुलगा. इथे नाव टाकलं तर उद्या अर्धं कोथरूड जिन्यात उभं राहील आणि पुढच्या वेळी आमचाच नंबर लागायचा नाही. डहाणूकर कॉलनीच्या बाजूला, पहिला मजला. ज्यांना कळायचं त्यांना कळलं.

फ्रीजचं हे खूळ कुठून आलं ते सांगते. माझी सगळी नोकरी डेअरीत, क्वालिटी कंट्रोलला गेली. टँकर आला की आधी तापमान, मग चहापाणी. त्यामुळे कुठेही काचेच्या दाराचा फ्रीज दिसला की माझी नजर थर्मामीटर शोधायला लागते. आमचे हे म्हणतात, तुला लग्नाला नेलं तरी तू आइस्क्रीमच्या पेटीत हात घालून बघशील. बघते. त्यात लाजायचं काय?

आणि लसीचं प्रकरण दुधापेक्षा अवघड. दूध नासलं तर वासाने कळतं, लस बिघडली तर बाटलीकडे बघून काहीच कळत नाही. २ ते ८ अंश सेल्सिअस, एवढीच तिची जागा. गरम झाली की ताकद कमी होते हे सगळ्यांना माहीत असतं, पण गोठली तरी ती वाया जाते हे फार थोड्यांना माहीत असतं. धनुर्वात-घटसर्पाची, हिपॅटायटिस बीची, न्यूमोनियाची कॉन्जुगेट (जंतूच्या कवचाला प्रथिन जोडून केलेली) लस, या सगळ्यांत अ‍ॅल्युमिनियमचे क्षार असतात. एकदा गोठून परत वितळली की त्यांचे कण एकमेकांना चिकटतात आणि लस कुचकामी होते. ‘ताई, आमचा फ्रीज एकदम चिल्ड असतो’ असं कोणी अभिमानाने सांगितलं की मी तिथून निघते.

तसं एका मेडिकलवाल्याकडून निघालेच. फ्रीजच्या दारात इन्सुलिन, त्याला टेकून लसींचे खोके, खालच्या कप्प्यात मालकांचा डबा आणि ताकाची पिशवी. दर दोन मिनिटांनी दार उघडतंय. दाराचा कप्पा ही फ्रीजमधली सगळ्यांत बेभरवशाची जागा, तिथे लस ठेवायचीच नसते. थर्मामीटर कुठे आहे विचारलं तर म्हणाले, ‘काकू, आत हात घालून बघा ना, गार आहे की!’ एका मोठ्या हॉस्पिटलातही चौकशी केली. तिथे फ्रीजबद्दल तक्रार नाही, पण आधी नोंदणी, मग फाइल, मग तपासणीची फी, मग लसीचं बिल वेगळ्या खिडकीवर, आणि ती खिडकी दुसऱ्या इमारतीत. गुडघेदुखीच्या माणसाने लस घ्यायला एवढं चालायचं असेल तर मग काही बोलायलाच नको.

आता आमचा मामला. माझं वय ६६. ह्यांचं ७३, जोडीला मधुमेह आणि रक्त पातळ करायची गोळी. डॉक्टरबाईंनी एक कागद घेतला आणि दोघांच्या नावाचे दोन रकाने पाडले. फ्लूची दरवर्षी. न्यूमोनियाची पासष्टीनंतर. नागिणीची पन्नाशीनंतर, दोन डोस, मध्ये दोन ते सहा महिने. धनुर्वाताचा बूस्टर दर दहा वर्षांनी, त्यातला एक डांग्या खोकल्याचा भाग असलेला घेतलेला बरा. ‘आम्ही तर खरचटलं की टीटी घेतो,’ हे म्हणाले. बाईंनी सांगितलं की सरकारी कार्यक्रमातही आता नुसत्या टीटीच्या जागी टीडी आली आहे, म्हणजे धनुर्वाताबरोबर घटसर्पही. आणि दर खरचटण्याला टोचून घ्यायची गरज नसते, आधीचे डोस कधी झाले ते माहीत हवं. ते आपल्यापैकी कोणाला माहीत असतं म्हणा.

न्यूमोनियाचं गणित मला पहिल्यांदाच नीट समजलं. बाजारात वेगवेगळ्या लसी आहेत आणि त्यांच्या नावातला आकडा म्हणजे ती न्यूमोकोकस या न्यूमोनियाच्या जंतूच्या किती प्रकारांवर चालते तो. तेराची घेतली तर साधारण वर्षाने तेवीसची घ्यायची. वीसची घेतली तर एकाच टोच्यात काम होतं. आमच्या ह्यांनी तेराची मागे घेतलेली होती, कागद होता, म्हणून त्यांना तेवीसची. मी कोरी पाटी, म्हणून मला वीसची. एका घरातली दोन माणसं, दोन वेगळे हिशोब. ‘दोघांनाही तेच देऊन टाका’ असं करणारी डॉक्टर असती तर मी एक तारा तिथेच कापला असता.

आता माझ्या आवडीचा भाग. फ्रीज. सिस्टरांनी दार उघडण्याआधी बाहेरच्या डिस्प्लेवर आकडा दाखवला, ४.६. आत घरगुती काही नाही, औषधाची दुसरी बाटलीसुद्धा नाही. खोके मधल्या कप्प्यांत, मागच्या भिंतीला न चिकटवता, हवा खेळेल अशी जागा सोडून. तळाला पाण्याच्या भरलेल्या बाटल्या. त्या प्यायला नसतात. लाइट गेली तर तेवढं थंड पाणी तापमान धरून ठेवतं. दाराला वही लटकवलेली, सकाळ-संध्याकाळ तापमानाची नोंद, सही. मी पानं उलटली. रविवारच्या नोंदीसुद्धा होत्या, आणि अक्षरं वेगवेगळी होती. खोट्या नोंदी एका बैठकीत, एका पेनने, एका अक्षरात लिहिलेल्या असतात, हे मी तुम्हाला डोळे मिटून सांगते.

मग मी पुण्यातला हमखास प्रश्न टाकला. गुरुवारी, म्हणजे वीजदुरुस्तीच्या वारी, लाइट गेली तर? सिस्टर हसल्या. फ्रीज इन्व्हर्टरवर आहे, आणि फार वेळ गेली तर आइसपॅकची पेटी तयार असते. पण पॅक फ्रीजरमधून काढल्या काढल्या लसीला चिकटवत नाहीत, आधी थोडा घाम येऊ देतात, नाहीतर लस गोठेल. हे उत्तर ऐकून मी बाही वर केली.

फ्लूच्या खोक्यावर काय बघायचं तेही लिहिते, कारण हे कोणी सांगत नाही. फ्लूचा विषाणू सारखा रूप बदलतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी, लसीत कुठले प्रकार घालायचे ते जाहीर करते. खोक्यावर त्या हंगामाचं वर्ष छापलेलं असतं. ते वाचा. आपण उत्तर गोलार्धात असलो तरी आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात जोर धरतो, मग हिवाळ्याच्या शेवटी पुन्हा एकदा. म्हणून पुण्यात लस पावसाआधी घेतलेली बरी, टोचल्यावर शरीर तयार व्हायला दोन आठवडे तरी जातात. ‘मागच्या वर्षीची शिल्लक आहे, थोडी स्वस्तात देतो’ असं कोणी म्हणालं तर नमस्कार करा आणि चालू लागा.

२००९ चा ऑगस्ट ज्यांनी पुण्यात काढला त्यांना फ्लूबद्दल वेगळं काही सांगायला नको. स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू आपल्याच शहरात झाला, शाळा बंद, नायडू हॉस्पिटलबाहेर रांगा, तोंडाला रुमाल. तो विषाणू कुठे गेला नाही. तो आता दरवर्षीच्या साध्या फ्लूमधलाच एक झाला आहे आणि लसीत त्याचा वाटा असतोच.

नागिणीची लस इथे २०२३ पासून मिळते. तिच्या दोन बाटल्या येतात, एकीत पूड, दुसरीत द्रव. सिस्टरांनी आमच्या समोर सील तोडलं, द्रव पुडीत सोडला, हलक्या हाताने फिरवला. दोन्हींवरची एक्सपायरी मला वाचायला दिली (वाचून दाखवली नाही, वाचायला दिली, हा फरक मला महत्त्वाचा वाटतो). किंमत डोसाला दहा हजारांच्या पुढेमागे, आणि डोस दोन. दोघांचे मिळून आकडा ऐकल्यावर हे जरा वेळ पंख्याकडे बघत बसले.

पण ह्यांच्या थोरल्या बहिणीला नागीण झालेली आम्ही पाहिली आहे. पुरळ गेलं, आणि कमरेची आग मात्र कित्येक महिने राहिली. साडीची निरी टोचते म्हणून गाऊनवर असायच्या. ‘नागिणीने वेढा पूर्ण केला की माणूस जातो’ म्हणून घरातले भेदरलेले, कोणी काय लेप लावतंय, कोणी काय. डॉक्टरबाईंनी ह्यांना समजावलं : लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या की तो विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी झोपून राहतो, वय झालं की जागा होतो आणि एका मज्जातंतूच्या वाटेने बाहेर येतो, म्हणून पट्टा शक्यतो शरीराच्या एकाच बाजूला असतो. वेढ्याचं काही खरं नाही. भीती त्या मागे राहणाऱ्या दुखण्याची. आणि या लसीत जिवंत विषाणू नाही.

टोचण्याआधी बाईंनी गोळ्यांची यादी मागितली. रक्त पातळ करायची गोळी दिसल्यावर बारीक सुई घेतली आणि नंतर जागा चोळायची नाही, दोन मिनिटं नुसती दाबून धरायची असं सांगितलं. घड्याळ लावून स्वतः दाबून धरली सिस्टरांनी. एक डावा दंड, एक उजवा. मग पंधरा मिनिटं बाहेर बाकावर बसवलं. रिअ‍ॅक्शन आली तर इंजेक्शनचा ट्रे तिथेच तयार होता. लगेच ‘निघा आता’ नाही.

रात्री मात्र ह्यांना कणकण आली, अंग मोडून आलं, उजव्या कुशीवर झोपता येईना. माझा दंड दुखला, बाकी काही नाही. नागिणीच्या लसीने असं एक-दोन दिवस होऊ शकतं हे आधी सांगितलेलं होतं, त्यामुळे घरात धावपळ झाली नाही. दुसऱ्या दिवशी लग्नकार्य किंवा प्रवास असेल तर त्याच्या आदल्या दिवशी घेऊ नका.

आता पाचवा तारा. जिना. लिफ्ट नाही, आणि पायऱ्या जुन्या पुण्याच्या, उंच. ज्येष्ठांच्या लसी देता आणि दवाखाना पहिल्या मजल्यावर? अर्धा तारा तिथे. उरलेला अर्धा कागदपत्रांसाठी. बिलावर नुसतं ‘इंजेक्शन’. बॅच नंबर कुठे विचारलं तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, ‘आजी, सिस्टिममध्ये तसा कॉलमच नाही.’ मग हाताने लिहून घेतलं, खोक्यावरचं स्टिकरही मागून घेतलं. आणि कार्ड! मोठ्यांचं कार्डच त्यांच्याकडे नाही. ह्यांना जे दिलं त्यावर रांगणाऱ्या बाळाचं चित्र, वर ‘बाळाचे नाव’, खाली ‘जन्मवजन’. हे म्हणाले, वजन आताचं लिहू का? गंमत सोडा, पण कोविडच्या लसीची नोंद मोबाइलवर सापडते, या लसींची नोंद म्हणजे तो एकच कागद. फोटो काढून मुलीला पाठवून ठेवला.

पैशाबद्दल एक चीड नोंदवते, ती दवाखान्यावर नाही. नातवाला न्यूमोनियाची लस महापालिकेच्या दवाखान्यात फुकट मिळाली; आजोबांना विकत. डोसांच्या संख्येने जगातली सगळ्यांत मोठी लस कंपनी आपल्या हडपसरला, आणि शेजारच्या म्हाताऱ्यांना लस परवडते का हे कोणी विचारत नाही. आरोग्य विमा सहसा या खर्चाला हात लावत नाही. सत्तरीनंतरचं आयुष्मान कार्ड भरती झाल्यावर उपयोगी, दंडात टोचून घ्यायला नाही. पैसे रोख न देता कार्डाने किंवा यूपीआयने द्या आणि पावती जपा. जुन्या करपद्धतीत, आरोग्य विमा नसलेल्या ज्येष्ठांना औषधोपचाराच्या खर्चावर ₹५०,००० पर्यंत वजावट मिळते, रोखीत दिलेले पैसे त्यात धरत नाहीत.

खालच्या मजल्यावरच्या वहिनी विचारत होत्या, सगळ्या एकदम परवडणार नाहीत, मग आधी कुठली? मी डॉक्टर नाही, पण त्यांना दमा आहे आणि मे महिना चालू आहे, म्हणून मी सांगितलं की आधी फ्लू, त्याच फेरीत जमली तर न्यूमोनिया, दोन्ही एकाच दिवशी चालतात. नागिणीसाठी दिवाळीपर्यंत पैसे बाजूला काढा, आणि बाईंना तुमच्या दम्याच्या औषधांची यादी दाखवूनच ठरवा. जाण्याआधी फोन करा, कारण नागिणीची लस बाई मागणीनुसार मागवतात. संध्याकाळी पाच ते सात, शनिवार टाळा, आणि जिना चढायला सोबत कोणीतरी घ्या.