कॅलिफोर्निया, टेक्सस, जॉर्जिया की न्यू जर्सी : सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलीसाठी कोणता प्रदेश?

मुलगी सातवी-आठवीत आहे, ट्रॅव्हल बॉल (शाळेबाहेर क्लबच्या संघातून गावोगावच्या स्पर्धा) खेळते, डिव्हिजन 1 म्हणजे कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या श्रेणीतल्या कॉलेजचं नाव घेते, आणि घरात नोकरीनिमित्त दुसऱ्या राज्यात जायचा विषय निघालाय. अमेरिकेतल्या अशा मराठी घरांसाठी हा आढावा आहे. आमचं मत आधीच सांगतो: प्रदेशाला किती महत्त्व द्यायचं हे मुलगी मैदानात कोणत्या जागी खेळते त्यावर ठरतं. पिचर (चेंडू टाकणारी) कुठूनही वर येते. फलंदाजी आणि इनफिल्डच्या (आतल्या मैदानातल्या क्षेत्ररक्षणाच्या) जोरावर पुढे जाणाऱ्या मुलीला मात्र प्रदेशाचा फरक जाणवतो.

आधी जुना नकाशा. कॉलेज खेळ चालवणाऱ्या एनसीएए या संघटनेची सॉफ्टबॉल स्पर्धा 1982 साली सुरू झाली आणि 2004 पर्यंत मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडच्या एकाही संघाला अजिंक्यपद मिळालं नाही. 2005 मध्ये मिशिगनने ते पहिल्यांदा मिळवलं. आता चित्र बदललं आहे. 2012 ते 2025 या काळात पश्चिम किनाऱ्यावर ट्रॉफी एकदाच गेली, 2019 मध्ये लॉस एंजेलिसच्या यूसीएलएकडे. स्पर्धा झाली त्या बाकीच्या वर्षी अलाबामा, फ्लोरिडा, फ्लोरिडा स्टेट, ओक्लाहोमा आणि 2025 मध्ये टेक्सस.

त्यावरून कॅलिफोर्निया संपली असं समजू नका. संघ कुठला आणि खेळाडू कुठल्या, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जेनी फिंच ला मिराडाची, खेळली ॲरिझोनाकडून. मोनिका ॲबट सॅलिनासची, खेळली टेनेसीकडून. ओक्लाहोमाच्या लॉरेन चेंबरलेन आणि टियारे जेनिंग्ज दोघीही दक्षिण कॅलिफोर्नियाच्या. ओक्लाहोमाच्या प्रशिक्षक पॅटी गॅसो 1995 मध्ये तिथे रुजू होण्याआधी लाँग बीच सिटी कॉलेजला होत्या, त्यामुळे त्या भागातल्या मुली त्यांना चांगल्या ठाऊक होत्या.

पिचर : गाव लहान असलं तरी चालतं

अलीकडच्या नावाजलेल्या पिचर पाहा. मोंटाना फाउट्स केंटकीतल्या ग्रेसनची. नायजारी कॅनडी कॅन्ससमधल्या टोपेकाची. जॉर्डी बाल नेब्रास्कातल्या पॅपिलियनची. टेक्ससला 2025 चं विजेतेपद मिळवून देणारी टेगन कॅव्हन आयोवाची, टेनेसीची कार्लिन पिकेन्स नॉर्थ कॅरोलिनाची. यातली एकही जण सॉफ्टबॉलच्या जुन्या बालेकिल्ल्यातली नाही.

याचं कारण सरावाच्या स्वरूपात आहे. पिचिंगचं अंतर 43 फूट. मागे पाय टाकायला आणि पुढे कॅचरला बसायला जागा धरली तर साधारण 55 ते 60 फूट लांबीची बंदिस्त जागा पुरते. एक कॅचर, एक बादली चेंडू आणि रडार गन असली की बाहेर बर्फ असतानाही आठवड्यातून चार दिवस सराव होतो. हिवाळ्यात घात होतो तो दुसऱ्याच कारणाने. चार महिने सपाट रबरी मॅटवर टाकलेली मुलगी मार्चमध्ये मातीवर येते, तिथे पाय रोवतो, घसरण्याचं अंतर बदलतं आणि चेंडू उंच जाऊ लागतो. त्यासाठी थंड राज्यांत फेब्रुवारीत एक-दोन शनिवार-रविवार दक्षिणेत जाऊन मातीवर टाकून येणं पैसे वसूल करणारं ठरतं.

फलंदाज : समोर कोण टाकतंय?

ताशी 65 मैलांचा चेंडू हातातून सुटल्यापासून प्लेटपर्यंत (फलंदाजापर्यंत) सुमारे 0.4 सेकंदात येतो. ही वेळ पकडायला मशीन अपुरं पडतं, कारण मशीनला हात नसतो. खरी फलंदाज पिचरच्या मांडीजवळून सुटणाऱ्या मनगटावरून राइज (वर चढणारा) आणि ड्रॉप (खाली पडणारा) चेंडू ओळखते. ती नजर फक्त चांगल्या पिचरसमोर शेकडो वेळा उभं राहून येते. ऑरेंज काउंटीत, ह्यूस्टन-डॅलस पट्ट्यात किंवा अटलांटाभोवती असा पिचर जवळपास प्रत्येक स्पर्धेत भेटतो. न्यू जर्सी किंवा मॅसॅच्युसेट्समध्ये शाळेच्या हंगामात तो क्वचित भेटतो, आणि तिथली .500 ची (दोनात एक यशस्वी फटका अशी) सरासरी पाहून प्रशिक्षक लगेच विचारतात, 'कोणासमोर?' अपवाद आहेतच. 122 होमरनचा विक्रम करणारी जोसेलिन आलो हवाईची. पण असा अपवाद धरून घराचं नियोजन करू नये.

कॅलिफोर्निया आणि टेक्सस

कॅलिफोर्नियाचा फायदा अंतराचा. पीजीएफ (प्रीमियर गर्ल्स फास्टपिच) या क्लब सॉफ्टबॉल संघटनेची राष्ट्रीय स्पर्धा हंटिंग्टन बीच परिसरात भरते, म्हणजे पूर्वेकडची मुलगी विमानाने येते तिथे इथली गाडीने पोचते. तोटा गर्दीचा. नावाजलेल्या क्लबच्या पहिल्या संघात एकाच जागेसाठी तीन-तीन चांगल्या मुली असतात. बाकावर बसलेली मुलगी कोणालाच दिसत नाही. अशा वेळी मोठ्या नावाच्या क्लबचा दुसरा संघ घेण्यापेक्षा मध्यम क्लबमध्ये रोज शॉर्टस्टॉप (इनफिल्डमधली एक महत्त्वाची जागा) खेळणं बरं.

आणखी एक गोष्ट पालकांना उशिरा कळते. कॅलिफोर्नियातली कम्युनिटी कॉलेजं खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत. टेक्सस किंवा फ्लोरिडातली बरीच ज्युनियर कॉलेजं देतात. बारावीनंतर थेट डिव्हिजन 1 जमलं नाही आणि दोन वर्षं आधी कुठेतरी खेळायचं ठरलं, तर टेक्ससचा रस्ता स्वस्त पडतो.

हंगामाचं कॅलेंडर

कॅलिफोर्निया, टेक्सस, फ्लोरिडा आणि न्यू जर्सीत शाळेचा हंगाम वसंतात असतो. नेमका तोच कॉलेजचा हंगाम, त्यामुळे प्रशिक्षक शाळेच्या मैदानावर फारसे फिरकत नाहीत. जॉर्जिया, ओक्लाहोमा, नेब्रास्का आणि कोलोरॅडोत शाळा शरद ऋतूत खेळतात, तेव्हा प्रशिक्षकांना वेळ असतो. आयोवाचं सगळंच निराळं. तिथे शाळेचा हंगाम मे ते जुलै, म्हणजे ट्रॅव्हल बॉलच्या ऐन उन्हाळ्यात. आयोवात जाणार असाल तर शाळेच्या आणि क्लबच्या प्रशिक्षकांना एकमेकांच्या तारखा मार्चमध्येच द्या. जूनमध्ये दिल्या तर दोन्हीकडे नाराजी.

तारखांचा मुख्य नियम सगळीकडे सारखा. अकरावीच्या 1 सप्टेंबरपर्यंत डिव्हिजन 1 प्रशिक्षक मुलीशी रिक्रूटिंगबद्दल (कॉलेज संघात घेण्याबद्दल) बोलू शकत नाहीत. मुलीने ईमेल पाठवायला मात्र बंदी नाही, आणि प्रशिक्षकांना पाहायलाही नाही. म्हणून नववी आणि दहावीनंतरचे दोन उन्हाळे निर्णायक. घर बदलायचं तर नववीच्या आधी बदला. दहावीनंतर बदललं की नव्या क्लबमध्ये मुलगी अनोळखी असते, आणि फलंदाजीच्या क्रमात आठवी येते.

ईशान्य : वेगळा हिशेब

न्यू जर्सी-न्यूयॉर्क पट्ट्यात मराठी घरं भरपूर. तिथून हलायचं नसेल तर लक्ष्य नीट निवडा. आयव्ही लीगची कॉलेजं डिव्हिजन 1 आहेत, पण खेळाची शिष्यवृत्ती देत नाहीत, आर्थिक गरजेनुसार मदत देतात. डिव्हिजन 3 मध्येही तेच. आणि तिथला खेळ कच्चा नाही: बॉस्टनजवळच्या टफ्ट्सने 2013, 2014 आणि 2015 अशी सलग तीन वर्षं डिव्हिजन 3 चं अजिंक्यपद जिंकलं. गुण चांगले असलेल्या इनफिल्डरसाठी हा मार्ग आम्हाला दक्षिणेतल्या एखाद्या साधारण संघातल्या अर्धवट शिष्यवृत्तीपेक्षा सरस वाटतो. उन्हाळ्यात स्पर्धांसाठी एक कोलोरॅडो आणि एक कॅलिफोर्निया दौरा, बाकी सगळं घराजवळ.

पैसा आणि व्हिसा

2024-25 पर्यंत डिव्हिजन 1 संघाकडे 12 शिष्यवृत्त्या असत आणि त्या वीस-बावीस जणींत वाटल्या जात. 2025 च्या हाउस समझोत्यानंतर (कॉलेज खेळाडूंच्या मोबदल्याबद्दलच्या न्यायालयीन तडजोडीनंतर) त्यात सामील झालेल्या कॉलेजांना 25 जणींची मर्यादा आहे, आणि सगळ्यांना पूर्ण शिष्यवृत्ती देता येते. पण त्या 25 जागांवर दुसऱ्या कॉलेजातून बदली घेऊन आलेल्या अनुभवी मुलीही येतात. कॅनडी स्टॅनफर्डहून टेक्सस टेकला गेली, बाल ओक्लाहोमाहून परत नेब्रास्काला. नव्या मुलींच्या जागा त्यामुळे कमी होतात. शिष्यवृत्ती अर्धी मिळाली तर राज्याच्या रहिवाशाची फी किती, हा प्रश्न मोठा होतो, आणि रहिवासी ठरायला साधारण वर्षभराचं वास्तव्य लागतं.

एच-4 वर (आई-वडिलांच्या एच-1बी नोकरी व्हिसावर अवलंबून) असलेल्या मुलीला शिष्यवृत्ती घेता येते, पण जाहिराती किंवा नावाच्या मोबदल्यातले करार 'काम' मानले जाऊन तिला अडचणीत आणू शकतात. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावरही तेच. कॅनडीच्या दहा लाख डॉलरहून मोठ्या कराराकडे पाहून आशा बांधण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. 21 व्या वर्षी एच-4 संपतो, म्हणजे साधारण कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाच्या सुमारास. ती तारीख रिक्रूटिंगच्या कॅलेंडरवर आजच लिहून ठेवा.