ओटीपोटाच्या जुनाट दुखण्यावर टेन्स मशीन: घ्यावं का, आणि कोणतं?

ओटीपोट सहा महिन्यांहून जास्त दुखत असेल तर सर्जिकलच्या दुकानात बहुतेक वेळा टेन्स मशीन पुढे केलं जातं. कातडीवरून हलका करंट सोडून दुखणं दबवणारं हे खिशात मावणारं यंत्र, दोन वायरी, चार चिकट पॅड. साधारण दीड ते तीन हजार रुपये. वस्तू कामाची आहे, पण बघून घ्यावी लागते.

फ्रिक्वेन्सी (सेकंदाला करंटचे किती ठोके) आणि पल्स विड्थ (एक ठोका किती वेळ टिकतो) दोन्ही आकड्यांत बदलता येतील असंच मशीन घ्या. 'मसाज', 'कपिंग' अशी नुसती चित्रं असलेलं नको. नेमका किती करंट जातोय याचा त्यात पत्ताच लागत नाही. खरा घोळ ईएमएसचा. बऱ्याच मशीनमध्ये टेन्स आणि ईएमएस एकाच बटणावर असतात. टेन्स नसांना गुंगवतं, ईएमएस स्नायू आवळतं. कटितळाचे, म्हणजे ओटीपोटाच्या तळाशी मूत्राशय-गर्भाशय तोलून धरणारे स्नायू आधीच घट्ट असतील, आणि या दुखण्यात ते पुष्कळदा असतातच, तर ईएमएसने दुखणं भडकतं. हेच स्नायू आवळून सोडायचा कीगलचा व्यायामही अशा वेळी उलटाच पडतो. आधी पोटाने श्वास घेऊन स्नायू सैल सोडायला शिकावं लागतं.

लावायची रीत: फ्रिक्वेन्सी ८० ते १०० हर्ट्झ, पल्स विड्थ १५० ते २०० मायक्रोसेकंद. एक जोडी बेंबीखाली डावी-उजवीकडे, दुसरी पाठीमागे, माकडहाडाच्या वरच्या बाजूला. ठळक मुंग्या याव्यात, पण स्नायू उडू नये. २० ते ३० मिनिटं ठेवा. मध्येच मुंग्या कमी वाटल्या तर एक पायरी वाढवा. शरीराला सवय होते, मशीन बिघडलेलं नसतं. गरोदरपणात, पेसमेकर असेल तर, बधिर किंवा जखमी कातडीवर लावायचं नाही.

आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात पहिली तक्रार पॅडची येते. घाम, तेल, पावडर यांनी कड सुटते, करंट उरलेल्या छोट्या जागेतून जातो आणि चटका बसतो. कातडी धुऊन कोरडी करा, वापर झाला की पॅड प्लास्टिकवर परत चिकटवा. जादा पॅड मिळतात का आणि पिन जुळते का, हे पैसे देण्याआधीच विचारा. सेलवर चालणारं असलं की लाईट गेली तरी अडत नाही.

पाळीच्या कळांवर गुण चांगला, जुनाट दुखण्यात मात्र आराम बहुधा मशीन चालू असेपर्यंत आणि त्यानंतर थोडा वेळ. मूळ कारण तसंच राहतं. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं) नाही असं होत नाही. मूत्राशय, आतडी, स्नायू हेही तपासावे लागतात. पुरुषांनाही हे दुखणं होतं आणि ते 'प्रोस्टेट' म्हणून अँटिबायोटिक गिळत बसतात. आणि 'गर्भपिशवी काढून टाका' हे पहिलं उत्तर कधीच नव्हे. बीडमध्ये ऊसतोड बायांच्या पिशव्या सर्रास काढल्या गेल्या, त्यावर २०१९ मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पाळी गेल्यावर रक्त, लघवीत रक्त, ताप किंवा वजन उतरणं असेल तर मशीनच्या नादी न लागता आधी डॉक्टर गाठा.

छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ (स्वाराती), लातूर, नांदेड इथल्या शासकीय मेडिकल कॉलेजांत स्त्रीरोग ओपीडी आहे. तिथून फिजिओथेरपीची चिठ्ठी मागा, पॅड त्यांच्याकडूनच एकदा लावून घ्या. कटितळाची तपासणी कुठे होते हेही तिथेच विचारा. ही आतली तपासणी हातमोजा घालून एका बोटाने, तुमची परवानगी घेऊनच करायची असते आणि मध्येच 'थांबा' म्हणता येतं. एवढं झाल्यावरही मशीनने आराम पडतोय असं वाटलं, तरच विकत घ्या.