आमच्या वाड्यावरच्या चर्चचा डिसेंबर : साडेचार स्टार, अर्धा पार्किंगचा कापला

आधीच सांगतो, मी क्रिश्चन नाही, कुडाळकडचा आहे, नोकरीसाठी गोव्यात, बार्देशात येऊन आठ वर्षं झाली आणि चर्चच्या कंपाउंडला लागून असलेल्या घरात भाड्याने राहतो, म्हणजे आमच्या बेडरूमच्या खिडकीतून थेट घंटा दिसते. चर्चचा कोण रिव्ह्यू लिहितो असं बायको म्हणाली. पण मॅपवर लोक पाच स्टार देतात आणि फोटोला मस्त जागा एवढंच लिहून जातात, आत वर्षभर काय चालतं, बाहेरच्या माणसाने कधी जावं, कुठे बसावं, खायला काय मिळतं हे कोणी लिहीत नाही म्हणून मीच लिहितोय. चर्चचं नाव मुद्दाम टाकत नाही, खाली तक्रारी पण आहेत आणि घरमालकीण आंटी रोज सकाळी मिसाला (चर्चमधल्या प्रार्थनेला) जातात, मला इथेच राहायचंय.

तर सगळं सुरू होतं नोटीस बोर्डापासून. चर्चच्या दारात डाव्या हाताला लाकडी बोर्ड आहे, वर काच, काचेच्या आत टाचणीने लावलेले कागद. पुढच्या महिन्यात जे जे होणार ते सगळं तिथे असतं, फक्त ते कोकणीत असतं आणि कोकणी रोमीत, म्हणजे रोमन लिपीत. पहिलं वर्षभर मी ते पोर्तुगीज आहे समजून सोडून द्यायचो! मग एकदा पाऊस आला म्हणून पोर्चमध्ये अडकलो, वेळ जात नव्हता म्हणून वाचत बसलो, "सोकल्लीम सात वोरांचेर", हे काय असेल काय असेल करता करता डोक्यात ट्यूब पेटली, अरे हे सकाळीं सात वरांचेर! अ साठी ओ लिहितात, ळ साठी दोन एल, शेवटचा एम म्हणजे नुसता अनुस्वार. आणि एक्स म्हणजे श. आशीर्वाद हा शब्द मी कितीतरी दिवस अक्सिरवाद वाचत होतो, कुठल्या तरी संताचं नाव असेल असं वाटायचं. मालवणी येणाऱ्या माणसाला एकदा हे चार नियम कळले की बोर्ड सत्तर टक्के कळतो, उरलेलं आंटींना विचारायचं. बोर्ड कळायला लागला तेव्हा गाव कळायला लागलं, कोणाचं लग्न ठरलं, कोणाच्या वडिलांच्या वर्षाचा मीस, कुठल्या वाड्यावरच्या (इथे वाडा म्हणजे आपली वाडी) खुरसाकडे, म्हणजे क्रॉसपाशी, लदिन (प्रार्थना). त्याआधी मी फक्त भाडं भरत होतो.

आता या वेळचा कागद. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यातच डिसेंबरचा लागलाय आणि नेहमीप्रमाणे गच्च भरलेला आहे.

सगळ्यात वर जुन्या गोव्याची पायी यात्रा. गोंयच्या सायबाचं, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त (सण) ३ डिसेंबरला, त्याच्या आधी २४ नोव्हेंबरपासून नऊ दिवस नोवेना, म्हणजे रोजची खास प्रार्थना, आणि त्यातल्या एका रात्री आमच्या चर्चमधून लोक चालत जातात. मी मागच्या वर्षी गेलो होतो, भक्ती वगैरे नाही, ऑफिसातल्या कॅथलिक मित्राने तुझ्याच्याने होणार नाही म्हटलं म्हणून. पहाटे अडीचला चर्चच्या मैदानात जमायचं, फादर दोन मिनिटांची प्रार्थना घेतात आणि निघायचं, पर्वरीची चढण, मग बेतीकडे उतार, मांडवीचा जुना पूल, पाटो, आणि तिथून रायबंदरचा बांध. गाडीतून जाताना हा बांध कधी संपतो कळत नाही, चालताना मात्र संपतच नाही. तीनेक किलोमीटर सरळ, एका बाजूला नदी, एका बाजूला मिठागरं, १६३० च्या दशकात पोर्तुगीजांनी बांधला आणि अजून त्याच्यावरून बस धावतायत. म्हाताऱ्या बायका हातात तेर्स (जपमाळ) घेऊन पुटपुटत माझ्या पुढून निघून गेल्या आणि मी नवीन शूजमुळे फोड आलेले पाय घेऊन मागे. बेळगावकडून तर लोक दिवसच्या दिवस चालत येतात, त्यांच्यातला एक जण मला म्हणाला, दादा शूज काढ आणि चप्पल घाल. हा सल्ला इथे फुकट देतोय. पाण्याची बाटली घेऊ नका, वाटेत लोक पाणी, चहा, केळी हातात कोंबत राहतात. परतीची बस आपली आपण बघायची, बोर्डवर ते लिहिलेलं नसतं.

३ तारखेला गोव्यात सुट्टी असते आणि जुन्या गोव्याला गर्दी एवढी की गाडी घेऊन जाणं म्हणजे मूर्खपणा, त्यापेक्षा नोवेनाच्या मधल्या एखाद्या दिवशी भल्या पहाटेच्या मिसाला जा.

मग चार रविवार आगमन काळाचे, म्हणजे ख्रिसमसच्या आधीचे. हे शांत प्रकरण आहे, वेदीजवळ हिरव्या पानांचं एक कडं ठेवतात त्यावर चार मेणबत्त्या, दर रविवारी एक जास्त पेटते, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी, ती गुलाबी तिसऱ्या रविवारची. मुलीने शाळेत हे शिकून घरी देव्हाऱ्यासमोर चार मेणबत्त्या लावल्या, आईने (माझ्या) काही म्हटलं नाही, फक्त उदबत्तीपासून लांब सरकवल्या.

ख्रिसमसच्या आधी नऊ दिवस पुन्हा नोवेना. आमच्याकडे रोजचा मीस एकेका वाड्याकडे असतो, म्हणजे त्या दिवशीची फुलं, वाचन, गाणं सगळं त्या वाड्याने बघायचं. आणि गाणं म्हणजे नुसतं टाळ्या वाजवून नाही हं, आमच्या वाड्याचे दोन म्हातारे व्हायोलिन वाजवतात. जुन्या काळी चर्चच्या शाळेत मेस्ताकडे (गाण्याच्या मास्तरांकडे) पोरांना सूर शिकायलाच लागायचे, त्यातलेच हे शेवटचे असणार. इथे हे फुकटात, एरवी असं गाणं ऐकायला पणजीत तिकीट काढून जावं लागेल.

माझं आवडतं मात्र गोठो आणि नखेत्र (ख्रिसमसचा चांदणीचा कंदील) स्पर्धा. गोठा म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा, आपल्या गणपतीच्या माटोळीसारखा घरोघर, आणि वाड्यावाड्याचा मोठा एक सार्वजनिक. नाचणी आणि भात पंधरा दिवस आधी करवंट्यांत पेरतात, तो हिरवागार उगवला की शेत तयार. आमच्या वाड्यावर गेल्या वर्षी पोरांनी गोठ्याच्या बाजूला खाणीचे ट्रक दाखवले, धूळ म्हणून लाल माती, तीन मेंढपाळ मास्क लावून. परीक्षक म्हणून आलेल्या सिस्टर बराच वेळ बघत उभ्या होत्या. नंबर दुसराच आला. पहिला ज्यांना दिला त्यांच्याकडे नुसतं विकतचं लायटिंग होतं, याबद्दल वाड्यावर अजून बोलणं चालू आहे आणि माझंही मत वाड्याबरोबरच आहे.

स्पर्धेला धर्माची अट नाही. गेल्या वर्षी आमच्या घराचा नखेत्र मी स्वतः बांबूच्या कामट्या आणि कागदाने केला, दिवाळीचा आकाशकंदील येतो त्याला हे काय अवघड असं म्हणून बसलो आणि पाच टोकं सारखी येईपर्यंत रात्रीचे दोन वाजले.

२४ ला रात्रीचा मीस मैदानात होतो कारण आत माणसं मावत नाहीत. रात्री साडेदहाला कॅरल सुरू, मग मीस, संपल्यावर सगळे एकमेकांना हात मिळवत फिरतात, पार साडेबारापर्यंत. बाहेरच्यांसाठी चार गोष्टी. मागच्या बाजूच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसा, बाकी उभे राहिले की उभे राहा, गुडघे टेकले तर तुम्ही बसून राहिलात तरी कोणी बघत नाही. कुमगार (कम्युनियन, फादर देतात ती पवित्र भाकर) घ्यायला रांग लागते तेव्हा रांगेत जाऊ नका, तो प्रसाद नव्हे आणि तो त्यांच्यातल्यांसाठीच असतो, मी पहिल्या वर्षी प्रसाद समजून रांगेत उभा राहिलो होतो, आंटींनी शर्ट धरून मागे ओढलं. हाफ पँट घालून येऊ नका. फोटो काढायचे तर मिसाच्या आधी नाहीतर नंतर.

२५ च्या सकाळी आंटी ताट पाठवतात. कुस्वाद. नेवऱ्या, दोदोल, कुलकुलं, बोलिन्हां, बेबिंकाचे दोन पातळ तुकडे, वर विणलेला रुमाल. आपण दिवाळीला फराळ दिलेला असतो त्याची ही परतफेड, आणि दोन्हीकडे ताट रिकामं परत करायचं नसतं, त्यामुळे साखर घालून परत करतो. त्यांची नेवरी आणि आमची करंजी एकच आहे हे बायकोचं म्हणणं, आंटींना मान्य नाही. हा काही चर्चचा कार्यक्रम नव्हे, पण रिव्ह्यूत आला पाहिजे.

जानेवारीत पॅरिशचं, म्हणजे आमच्या चर्चचं स्वतःचं फेस्त. त्याच्या आदल्या संध्याकाळी वेस्पर (संध्याकाळची प्रार्थना), आणि इथे मी पहिल्या वर्षी मोठा गोंधळ घातला, वेस्परची तारीख बघून बायकोला पैठणी नेसवून, सासूला कुडाळहून बोलावून मैदानात हजर, आणि तिथे माइकवाला "चेक चेक" करतोय आणि एक कुत्रा. तर फेस्त दुसऱ्या दिवशी असतं. सकाळचा मोठा मीस, मग लाल ओपा (झगा) घातलेल्या लोकांचा पुर्सांव (मिरवणूक), ब्रास बँड, फोग (फटाके) आणि बाहेर फेरी, म्हणजे जत्रेसारखा बाजार. फेरीत खाजें (गूळ-आल्याची बेसनाची मिठाई) घ्याच, आता त्याला जीआय टॅग पण मिळालाय. आणि नीट बघा, लईराई देवीच्या जत्रेला जो खाजेवाला बसतो तोच इथे बसलेला असतो, माणूस तोच, तराजू तोच, फक्त समोरचा देव वेगळा. चोरीस पाव (डुकराच्या मांसाच्या सॉसेजचा) साडेअकरापर्यंत संपतो. सासूसाठी विचारलं की ह्यात काय आहे, तर स्टॉलवरच्या बाईने सरळ सांगितलं, बाय हें तुमकां जावचें ना, आल्ले बेल्ले (गूळ-खोबऱ्याचं धिरडं) घे. स्टॉलवर पाट्या नसतात, विचारायलाच लागतं.

लोक विचारतात आपण गेलेलं चालतं का. अहो ईस्टरनंतर म्हापशात मिलाग्रीस सायबिणीच्या (मेरी मातेच्या) फेस्ताला जाऊन बघा, तेल घेऊन रांगेत निम्मे आपलेच असतात, ती शिरगावच्या लईराईची बहीण असं इथे सगळे मानतात, सात बहिणींतली एक. बहिणीच्या घरी जायला कोणाला विचारायचं.

या वेळी नवीन म्हणजे छपराच्या दुरुस्तीसाठी तियात्र, म्हणजे गाण्यांचं कोकणी नाटक. मैदानात, तिकीट आहे. मी अजून दोनच पाहिलेत आणि फॅन झालोय. तियात्र गोव्याचं म्हणतात पण पहिला प्रयोग झाला मुंबईत, १८९२ साली, तिथल्या गोंयकारांसमोर. नाटक पडद्यांनी चालतं आणि दोन पडद्यांच्या मध्ये कांतार (गाणं), त्याचा गोष्टीशी काही संबंध नसतो, एक जण बँडबरोबर येऊन आमदारापासून रस्त्यावरच्या खड्ड्यांपर्यंत सगळ्यांची उतरवून जातो आणि पब्लिक वन्स मोर करत राहतं. दहाला माइक बंद करावा लागतो म्हणून वेळेवर सुरू होईल असं लिहिलंय, बघू. हाऊझी (तंबोला) पण आहे, त्याबद्दल एवढंच की तीन तास चालते आणि मला आजवर एक पण लाइन लागलेली नाही. रक्तदान शिबिर नेहमीचं, व्यवस्थित असतं, नंतर कॉफी आणि पॅटीस.

आता तक्रारी. पार्किंग शून्य. मैदान कार्यक्रमाला दिलं की गाड्या रस्त्याच्या दोन्ही बाजूला, आमच्या गेटसमोर पण, एकदा आईला डॉक्टरकडे न्यायचं होतं आणि गेटसमोर लाल गाडी, शेवटी मिसाच्या शेवटी अनाउन्समेंटमध्ये नंबर वाचायला लावला तर गाडी निघाली गाणाऱ्या मुलाची, तो गाणं संपवूनच आला. दुसरं, अनाउन्समेंट. मिसाच्या शेवटी सूचना वाचतात त्या उपदेशापेक्षा लांब असतात, आणि स्पीकर असा की अर्धे शब्द घंटेच्या घुमटात विरघळतात. तिसरं, बोर्डावर एक कागद देवनागरीत लावा असं मी ऑफिसात दोनदा सांगितलं. हो हो म्हणतात. आजूबाजूच्या फ्लॅटमध्ये आता निम्मे लोक महाराष्ट्रातले, कर्नाटकातले, त्यांना शेजारी काय चाललंय ते फक्त आवाजावरून कळतं आणि मग तेच लोक सोसायटीच्या ग्रुपवर आवाजाबद्दल चिडतात.

परवा ऑफिसात तिसऱ्यांदा गेलो तर विगार, म्हणजे चर्चचे मुख्य फादर, स्वतः बसले होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, तुका येता न्हय देवनागरी, तूंच बरय. आता डिसेंबरचा अख्खा कागद माझ्या टेबलावर आहे, रविवारच्या आत देवनागरीत करून द्यायचाय, आणि "वोरांचेर"च्या पुढे आंटींनाही न कळलेले दोन शब्द आहेत.