नौपाड्यातला गेटचा क्लास: शिकवणं भारी, बाकी जेमतेम
इलेक्ट्रॉनिक्समध्ये एमटेक करायचं डोक्यात असेल आणि त्यासाठी गेट ही प्रवेश परीक्षा द्यायची असेल तर जा, नेटवर्क्स आणि सिग्नल्सचे सर एक नंबर, लाप्लास ट्रान्सफॉर्म मुळात लावायचा कशाला हे आधी समजावतात मग गणितं, आणि गेटला आपला कॅल्क्युलेटर नेता येत नाही, स्क्रीनवरचाच वापरावा लागतो म्हणून टेस्टलाही तसाच देतात, हे लय आवडलं. पण ईसी (इलेक्ट्रॉनिक्स) आणि ईई (इलेक्ट्रिकल) पेपरची पोरं एकाच बॅचमध्ये कोंबलीयेत, मशीन्स हा ईईवाल्यांचा विषय चालू झाला की ईसीवाले मोबाईल काढतात. एसी नावालाच. काउंटरवरच्या मॅडम २ वर्षांची फी एकदम भरा म्हणून मागे लागतात, गेटचा स्कोअर ३ वर्षं चालतो हे खरंय पण म्हणून एकदम भरू नका, हप्ते मागा, देतात. अमेरिकेत एमएसला जाणाऱ्यांनी इथे येऊच नये, तिकडे सहसा गेट कोण विचारतंय!