लोडेड फ्राइज घरी करताना: ताजा बटाटा की फ्रोजन पाकीट?

बटाटा कुठला घ्यायचा हे ठरवण्याआधी फ्राइजवर काय घालणार ते ठरवा. वरून चीज सॉस ओतायचा असेल तर फ्रोजन पाकीट आणा. शेंगाचटणी, बारीक कांदा, कोथिंबीर असं कोरडं घालायचं असेल तर ताजा बटाटाच घ्या, चवीला त्याची बरोबरी नाही. फ्राइज मऊ पडतात ते पाण्यामुळे. बटाट्यातलं पाणी तळून घालवता येतं, पण सॉसमधलं पाणी वरून मुरतच राहतं.

पाकिटातला बटाटा कारखान्यातच गरम पाण्यातून काढून, सुकवून, एकदा अर्धवट तळून गोठवलेला असतो. काहींना स्टार्चचा पातळ लेपही असतो. तो सॉसखाली बराच वेळ तग धरतो, म्हणून सॉसवाल्यांसाठी लेपाचंच पाकीट घ्यावं. अडचण आहे ती आपल्या उन्हाची. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो, आणि नवी पेठेतून बाकीची खरेदी उरकत घरी येईपर्यंत पाकिटातला बर्फ वितळतो. पुन्हा गोठवलं की काड्या एकमेकींना चिकटतात, बर्फ धरतात आणि तेलात टाकताच तडतड उडतात. त्यामुळे पाकीट अगदी शेवटी घ्या आणि तळताना फ्रीझरमधून थेट कढईत टाका, वितळू देऊ नका.

ताज्या बटाट्याला तासाभराहून जास्त वेळ लागतो, पण किलोमागे तो पाकिटापेक्षा खूपच स्वस्त पडतो. मंडईत जुना, घट्ट, जाड सालीचा बटाटा मागा. नव्या बटाट्यात पाणी जास्त असतं. फ्रीजमध्ये ठेवलेला बटाटाही नको, कारण थंडीत त्यातल्या स्टार्चची साखर होते आणि आत शिजण्याआधीच बाहेरून काळपट होतो. एक सेंटिमीटर जाडीच्या काड्या कापून पाणी नितळ येईपर्यंत धुवा आणि अर्धा तास पाण्यात ठेवा. मग लिटरभर पाण्यात एक मोठा चमचा व्हिनेगर व थोडं मीठ घालून मंद उकळीवर आठेक मिनिटं शिजवा. व्हिनेगरमुळे काड्या मऊ होऊनही तुटत नाहीत. नंतर सुती पंचावर पसरून अगदी कोरड्या करा. इथे घाई केली तर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

पहिली तळणी 150-160 अंशांवर, चार-पाच मिनिटं, रंग न येऊ देता. काड्या पूर्ण गार झाल्या की दुसरी 185-190 अंशांवर, सोनेरी होईपर्यंत. थर्मामीटर नसेल तर पहिल्या वेळी काडी टाकल्यावर बारीक बुडबुडे यावेत, दुसऱ्या वेळी ती लगेच वर उसळावी. लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल या आचेला धुरावतं, रिफाइंड बरं. एका वेळी थोड्याच काड्या तळा.

एअर फ्रायर पाकिटाच्या फ्राइजला छान चालतो. ताज्या बटाट्याला कढईच हवी.

आता वरचं. चीज सॉससाठी चमचाभर लोण्यात चमचाभर मैदा परतून कपभर दूध घाला, दाटल्यावर गॅस बंद करून पाऊण कप किसलेलं प्रोसेस्ड चीज मिसळा. मोझरेलापेक्षा ते एकजीव वितळतं. चमच्यावर जाड थर राहील इतका दाट असेल तरच ओता.

पण माझं मत विचाराल तर सोलापुरात राहून शेंगाचटणी सोडून दुसरीकडे जाऊ नये. कुटताना सुटलेल्या शेंगदाण्याच्या तेलामुळे ती गरम काडीला आपोआप चिकटते, आणि पाणी नसल्यामुळे फ्राइज शेवटपर्यंत कुरकुरीत राहतात. चटणीत मीठ असतंच, म्हणून तळल्यावर वेगळं घालू नका. दही आवडत असेल तर घट्ट चक्का वाटीत बाजूला द्या. लिंबू मात्र खाताना, ज्याचं त्यानं.

पाहुणे कधी येतील याचा नेम नसेल तर पहिली तळणी सकाळीच उरका, गार झालेल्या काड्या एका थरात फ्रीझरमध्ये ठेवा आणि मंडळी आल्यावर दुसरी तळणी करा. चटणी तोवर कुटून तयार असू द्या.