लँगट्रीचा म्हणून विकलेला साप

देवगडच्या पेटीत कर्नाटकी आंबा भरला, तर जाणकार गिऱ्हाईक सालीवरून, वासावरून, निदान कापल्यावर तरी ओळखतं. किंगस्नेकच्या बाजारात ती सोय नाही. अमेरिकेत हौसेने साप पाळणाऱ्यांमध्ये ‘लोकॅलिटी’ हा शब्द आपल्याकडच्या ‘देवगड’सारखाच चालतो. साप तोच, पण अमुक रस्त्यावरचा, तमुक डोंगरातला म्हटलं की भाव चढतो. आणि हा चढा भाव ज्यासाठी मोजायचा, ते सापाच्या अंगावर कुठेही लिहिलेलं नसतं. तिकडे राहणाऱ्या कुणाच्या घरी मुलाने किंगस्नेकसाठी हट्ट धरला असेल, तर पैसे पाठवण्याआधी पुढचं वाचावं.

आधी नावाचा घोळ मिटवू. किंगस्नेक म्हणजे नागराज नव्हे. हा लॅम्प्रोपेल्टिस प्रजातीतला बिनविषारी साप, विळखा घालून भक्ष्य मारणारा. विषारी रॅटलस्नेकसुद्धा गिळतो, म्हणून ‘किंग’.

फसवणुकीची ठरावीक जाहिरात अशी असते: ‘ग्रे-बँडेड किंगस्नेक, लँगट्री लोकॅलिटी, ब्लेअर फेज, एफ-टू, भरपूर केशरी, नर-मादी जोडी.’ खाली एक झगझगीत फोटो. यातला प्रत्येक शब्द वेगवेगळ्या तऱ्हेने खोटा असू शकतो.

लँगट्री हे टेक्सासच्या व्हाल व्हर्डी काउंटीतलं, यू. एस. 90 या महामार्गालगतचं चिमुकलं गाव. रॉय बीन नावाचा न्यायाधीश दारूच्या गुत्त्यात बसून निवाडे करायचा, ते हेच. भोवतालच्या चुनखडीच्या कड्यांत ग्रे-बँडेड किंगस्नेक राहतो आणि रात्री, रस्त्यासाठी फोडलेल्या कड्यांवर दिसतो. टेक्सासात बहुतेक जमीन खासगी असल्यामुळे साप शोधणारे वर्षानुवर्षं याच रस्त्यांवर हिंडत आले, आणि त्यामुळेच लोकॅलिटीची नावं बहुतांशी रस्त्यांची किंवा रस्त्यावरच्या गावांची आहेत: जुनो रोड, रिव्हर रोड, लोमा आल्टा, सँडरसन, ब्लॅक गॅप.

या सापाचे दोन ढोबळ पॅटर्न आहेत. ‘अल्टर्ना’मध्ये करड्या अंगावर अरुंद काळे पट्टे असतात, त्यांत केशरी अगदी थोडं किंवा मुळीच नाही, आणि दोन मोठ्या पट्ट्यांच्या मधे तुटक, बारीक पट्टा येतो. ‘ब्लेअर’मध्ये रुंद केशरी पट्टे काळ्या किनारीत बसवलेले असतात. हे दोघं इतके वेगळे दिसतात की शास्त्रज्ञांनीही त्यांना दोन जाती मानलं होतं. अल्टर्नाचं वर्णन 1901 साली डेव्हिस माउंटन्समधल्या सापावरून झालं, ब्लेअरचं 1950 साली टेरेल काउंटीतल्या सापावरून. पुढे एकाच मादीच्या अंड्यांतून दोन्ही पॅटर्नची पिल्लं निघाली, आणि 1970 मध्ये संशोधक टँझर यांनी हे एकाच जातीचं बहुरूप असल्याचं मांडलं. साधारणपणे पूर्वेकडे, व्हाल व्हर्डी आणि टेरेल काउंटीत, ब्लेअर जास्त आढळतो आणि पश्चिमेकडे जावं तसा अल्टर्ना वाढत जातो. पण हा कल आहे, नियम नाही.

फसवणुकीची सगळी मेख इथे आहे. एका खेपेच्या अंड्यांतून दोन रूपं निघत असतील, तर रूपावरून गाव सांगता येत नाही. ‘बघा ना, अगदी लँगट्रीसारखा दिसतो’ हे विक्रेत्याचं वाक्य पुरावा म्हणून शून्य किमतीचं आहे. तसा दिसणारा साप दोन अनोळखी वंशांच्या संकरातूनही निघतो आणि अस्सल लँगट्रीचा साप अगदीच मळकट निघू शकतो. लोकॅलिटी रंगात नसते, नोंदीत असते. म्हणून तपासायची ती नोंद.

खरी नोंद कंटाळवाणी असते. मूळ साप कोणत्या रस्त्यावर, जवळच्या गावापासून किती मैलांवर, कोणत्या दिशेला, कोणत्या तारखेला सापडला, नर की मादी, कोणी पकडला, तो कोणाकडे गेला, त्याचा जोडीदार कुठला. ‘लँगट्रीच्या पश्चिमेला 4.2 मैल, यू. एस. 90’ अशा धाटणीची ओळ आई आणि बाप दोघांच्या नावापुढे हवी. एकाच्याच नावापुढे असेल, तर पिल्लू अर्धंच लँगट्रीचं. ‘व्हाल व्हर्डी काउंटी’ एवढंच लिहिलं असेल, तर बहुधा बाप जुनो रोडचा आणि आई लोमा आल्टाची आहे, आणि दोघांना सांधणारं एकच खरं नाव काउंटीचं उरलं आहे. हे खोटं नाही, पण मग भावही एका रस्त्याचा लावू नये. एफ-वन म्हणजे दोन्ही पालक रानातून पकडलेले; एफ-टू म्हणजे दोन्ही पालक एफ-वन. पुष्कळ विक्रेते ‘एफ-टू’ हे नुसतं भारदस्त वाटतं म्हणून लिहितात. चारही आजी-आजोबांच्या नोंदी मागितल्या की त्यांची उत्तरं लांबायला लागतात.

टेक्सासात एक जादा कसोटी आहे. 2007 मध्ये तिथे रस्त्यावरून साप पकडण्यावर बंदी आली आणि 2011 मध्ये ती अटींसह सैल झाली: शिकारीचा परवाना, त्यावर सरपटणाऱ्या प्राण्यांचा वेगळा शिक्का, अंगात चमकणारं जाकीट. म्हणजे ‘2009 मध्ये हायवेवर पकडलेल्या जोडीची पिल्लं’ असं कोणी छातीठोकपणे सांगत असेल, तर एक तर नोंद बनावट आहे किंवा साप बेकायदा आहे. दोन्ही प्रकारांत घ्यायचा नाही. बेकायदा पकडलेला प्राणी राज्याबाहेर नेला की वन्यजीवांच्या व्यापाराबद्दलच्या लेसी कायद्याखाली तो केंद्रीय गुन्हा होतो आणि त्यात खरेदीदारही अडकू शकतो.

मग अंकगणित करावं; खोटारडे विक्रेते इथे हमखास घसरतात. ग्रे-बँडेड मादी एका खेपेला साधारण 3 ते 13 अंडी घालते. एखादी मादी एका मोसमात दुसरी खेप देते, पण ती सहसा लहान असते. ‘माझी एकच लँगट्री जोडी आहे’ म्हणणाऱ्याच्या यादीत त्या वर्षीची 40 लँगट्री पिल्लं असतील, तर उरलेली कुठून आली? अंडी मुख्यतः तिकडच्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला, म्हणजे जूनच्या आसपास, पडतात आणि सुमारे 27 अंश सेल्सिअसला दोन-सव्वादोन महिन्यांत फुटतात. जन्मतारीख मार्चची सांगितली, तर जोडी कधी हिवाळी थंडीत ठेवली, कधी लावली, हे विचारावं. नीट उत्तर असेल तर हरकत नाही. बहुतेकदा नसतं.

केशरी रंग वाढवायला दुसरी क्लृप्ती म्हणजे शेजारच्या मेक्सिकन किंगस्नेकचं, विशेषतः त्याच्या थायरी नावाच्या प्रकाराचं, रक्त मिसळणं. थायरी केशरी-लाल असतो, आणि त्याची पिल्लं उंदराची गुलाबी पिल्लं लवकर खातात. अस्सल ग्रे-बँडेडची पिल्लं पुष्कळदा सुरुवातीला सरड्याशिवाय कशाला तोंड लावत नाहीत, त्यामुळे हा संकर ब्रीडरच्या दृष्टीने दुहेरी सोयीचा. डोक्याकडे नीट पाहावं. ग्रे-बँडेडचं डोकं मानेपेक्षा स्पष्ट रुंद, डोळे मोठे, बाहेर आलेले. डोकं अरुंद आणि डोळे लहान दिसले की पुढचं बोलणं थांबवावं. मात्र दोन-तीन पिढ्या मागचा संकर डोक्यावरून कळेलच असं नाही.

कॅलिफोर्निया किंगस्नेकची गोष्ट याहून जुनी आणि गमतीची आहे. सॅन डिएगो परिसरात या जातीचे कडीवाले आणि रेघवाले असे दोन प्रकार शेजारी राहतात: एकाच्या अंगावर आडवी कडी, दुसऱ्याच्या पाठीवर डोक्यापासून शेपटीपर्यंत फिकट रेघ. यांनाही पूर्वी दोन जाती समजत. लॉरेन्स क्लॉबर या गृहस्थांनी (पेशाने वीज कंपनीतले अभियंता, सापांचं वेड आयुष्यभराचं) 1930च्या दशकात दाखवलं की एकाच मादीच्या अंड्यांतून दोन्ही निघतात. वाळवंटाकडचे कडीवाले ठसठशीत काळे-पांढरे असतात, किनाऱ्याकडचे तपकिरी आणि साय रंगाचे किंवा पिवळसर. रेघवाला हा मुख्यतः सॅन डिएगो आणि लगतच्या भागाचा. तेव्हा काळ्या-पांढऱ्या रेघवाल्या सापावर ‘मोहावी डेझर्ट लोकॅलिटी’ची चिठ्ठी असेल, तर ती बहुधा पिंजऱ्यात जुळवलेली जोडी आहे: बाप वाळवंटाचा, आई समुद्रकाठची. साप देखणा असेल, निरोगीही असेल. लोकॅलिटीचा नाही.

कायद्याचं एवढंच लक्षात ठेवावं की कॅलिफोर्नियात रानातून पकडलेला देशी साप विकता येत नाही. ‘माझ्या परसात सापडला, खरा सॅन डिएगोचा’ असं सांगून पैसे मागणारा माणूस स्वतःच गुन्ह्याची कबुली देत असतो.

‘मेक्सिकन ब्लॅक’ या मेक्सिकोतल्या सोनोराकडच्या काळ्याकुळकुळीत सापाचं सध्या फार वेड आहे, म्हणून भेसळही त्यातच जास्त. कॅलिफोर्निया किंगस्नेकशी संकर केला की पिल्लं गडद निघतात आणि ‘मोठा झाल्यावर पूर्ण काळा होईल’ असं सांगून खपतात. अस्सल पिल्लांच्याही हनुवटीवर थोडे फिकट ठिपके असू शकतात आणि वयाबरोबर ते बुजतात. पण पोटाखाली आणि कुशीवर पांढऱ्या कड्यांचे तुटके अवशेष रांगेत दिसत असतील, तर तो संकर समजावा. म्हणून पोटाचा फोटो मागायचा. पाठीचा फोटो सगळेच देतात.

फ्लोरिडा किंगस्नेकमध्ये नेमकं उलट होतं: पिल्लू गडद, ठळक पट्ट्यांचं, आणि वाढता वाढता प्रत्येक खवल्यात पिवळा रंग शिरून साप उजळत जातो. इथे जाहिरातीत फोटो पाच वर्षांच्या सापाचा आणि डब्यात पिल्लू. हा अंगापेक्षा बोंगा ओळखायला विक्रेत्याला सांगावं की नेमकं विकायचं पिल्लू कोऱ्या पांढऱ्या कागदावर, दिवसाच्या उजेडात, शेजारी आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून चित्रित कर. पांढरा कागद पिवळसर दिसला, तर सापाचा ‘केशरी’ही दिव्याचा किंवा मोबाइलचा आहे. कात टाकण्याआधी सापाचे डोळे दुधाळ होतात आणि रंग मळतो, हे खरंच. पण ‘कात टाकणार आहे म्हणून फिका दिसतो’ असं सलग दोन महिने ऐकू आलं, तर साप फिकाच आहे.

अल्बिनोचा, म्हणजे अंगात काळं रंगद्रव्यच नसलेल्या सापाचा, ‘हेट’ विकण्यात तर फसवणूक आणि नशीब यांच्यातली सीमाच पुसट होते. हेट म्हणजे अल्बिनोचं एक जनुक लपलेलं असलेला, दिसायला साधा साप. दोन हेट जुळवले की प्रत्येक अंड्यामागे अल्बिनोची शक्यता 25 टक्के. आठ पिल्लं निघाली आणि एकही अल्बिनो नाही, असं दहांतल्या एका खेपेत निव्वळ योगायोगानेही होतं. सोळांत एकही नाही, ही शक्यता मात्र सुमारे 1 टक्का. विक्रेत्याला हे गणित पाठ असतं, म्हणून पहिल्या खेपेनंतर तो ‘नशीब तुमचं’ म्हणतो. आणि ‘66 टक्के हेट’ची (दोन हेटची साधी दिसणारी पिल्लं; त्यातलं प्रत्येक हेट असण्याची शक्यता 66 टक्के) जोडी घेतलीत, तर दोन्ही खरोखर हेट असण्याची शक्यता फक्त 44 टक्के आहे, भाव मात्र बऱ्याचदा पक्क्या हेटच्या जवळपास लावलेला असतो.

या धंद्याचं खरं बळ वेळेत आहे. पिल्लू वयात यायला दोन-तीन वर्षं, मग अंडी, मग पिल्लांचे रंग. पेपाल ‘गुड्स अँड सर्व्हिसेस’मधून पैसे दिले असतील तर तक्रारीची मुदत 180 दिवस. म्हणजे खोटं उघड होतं तेव्हा मुदत केव्हाच उलटलेली असते. पेपालच्याच ‘फ्रेंड्स अँड फॅमिली’मधून किंवा ‘झेल’ या पैसे पाठवायच्या दुसऱ्या सेवेवरून पाठवले, तर खरेदीदाराचं संरक्षण पहिल्या दिवसापासूनच नाही. तो पर्याय निवडा, पाच टक्के सूट देतो, असं म्हटलं की ती सूट कशाची ते कळावं.

ज्यांच्याकडे सापच नसतो, त्यांचा प्रकार सरळ चोरीचा. दुसऱ्याच्या पानावरून उचललेले फोटो, बाजारभावाच्या निम्मी किंमत, पैसे मिळाल्यावर ‘विमा असलेला खास पेटारा’ म्हणून आणखी रक्कम, आणि ती ‘परत मिळेल’ असं आश्वासन. फोटो उलटा शोधून पाहायला अर्धं मिनिट लागतं. अमेरिकेच्या सरकारी टपालाने साप पाठवायला मनाई आहे. तेव्हा कोणी यू. एस. पी. एस.चा ट्रॅकिंग क्रमांक देत असेल, तर तिथेच समजावं.

कोणत्या राज्यात राहता यालाही महत्त्व आहे. जॉर्जियात देशी बिनविषारी साप पाळता येत नाहीत, त्यामुळे अटलांटात ईस्टर्न किंगस्नेक ‘घरपोच’ देणारा तुम्हाला अडचणीतच टाकतो. हवाईत कोणताच साप पाळता येत नाही. युरोपीय संघाने 2022 मध्ये कॉमन किंगस्नेकला (लॅम्प्रोपेल्टिस गेट्युला) आक्रमक परकी जातींच्या यादीत घातलं. ग्रॅन कॅनेरिया बेटावर पिंजऱ्यातून सुटलेल्या कॅलिफोर्निया किंगस्नेकांनी, त्यांतल्या कितीतरी अल्बिनो आणि रेघवाल्यांनी, तिथल्या सरड्यांची वाताहत केली आहे. भारतात हा साप परवान्याशिवाय आणताच येत नाही. आपल्याकडे सापाच्या नावावरची फसवणूक म्हटलं की मांडूळ आठवतो आणि वजनावर ठरणारा त्याचा भाव. मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या सामानात परदेशी साप सापडतात, ती याच धंद्याची नवी शाखा.

फसल्याचं लक्षात आलं, तर जाहिरातीचे, चिठ्ठीचे आणि गप्पांचे स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढून ठेवावेत, कारण जाहिरात आधी गायब होते. मुदत शिल्लक असेल तर पैशांची तक्रार, आणि साप आलाच नसेल तर इंटरनेटवरच्या गुन्ह्यांसाठीच्या एफबीआयच्या आयसीथ्री पोर्टलवर नोंद. साप हाताशी असेल, तर तो सांभाळावा. त्याचा दोष नाही. पण डब्यावरची ‘लँगट्री’ची चिठ्ठी काढून तिथे ‘लोकॅलिटी अज्ञात’ असं लिहावं, आणि पुढे कधी त्याची पिल्लं दिली तर याच नावाने द्यावीत.