दुपारी अडीचनंतरचं कॉलेज: फर्ग्युसन, एसपी, बीएमसीसी आणि सीओईपी

कटऑफ, फी आणि प्लेसमेंटचा तक्ता घरबसल्या मिळतो. लेक्चर संपल्यावर आपलं मूल तिथे कुणाबरोबर बसेल, हे मात्र कुठल्याच माहितीपत्रकात नसतं. पुण्यातली ही चार कॉलेजं, म्हणजे फर्ग्युसन, एसपी (सर परशुरामभाऊ), बीएमसीसी (बृहन्महाराष्ट्र कॉलेज ऑफ कॉमर्स) आणि सीओईपी (कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग), आम्ही फक्त त्या एका बाजूने तपासली. शिकवणं कसं आहे, हा मुद्दा इथे नाही.

पाहणीची पद्धत आधी सांगतो, कारण बहुतेक पालक चुकतात ते इथेच. गॅदरिंगच्या किंवा फेस्टिव्हलच्या दिवशी जाऊन काही कळत नाही. त्या दिवशी कॉलेज नटलेलं असतं आणि निम्मी गर्दी बाहेरची असते. मंगळवारी किंवा बुधवारी, दुपारी अडीच ते पाच या वेळेत जा. महिना जुलैअखेर किंवा ऑगस्ट असेल तर उत्तमच. पण तोवर प्रवेश झालेले असतात, म्हणून दहावी-बारावीच्या आधीच्या वर्षीच ही चक्कर मारावी. नोटीस बोर्डाशी पाच मिनिटं थांबा. ऑडिशनची, एनएसएसची (राष्ट्रीय सेवा योजनेची), क्रीडा निवडीची सूचना कोणत्या तारखेची आहे ते बघा. गेल्या वर्षीचा कागद अजून टाचणीला लटकत असेल, तर मंडळ कागदावरच आहे असं समजा.

ऑगस्टचा आग्रह पुरुषोत्तम करंडकासाठी. महाराष्ट्रीय कलोपासक ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा 1963 पासून घेते. सदाशिव पेठेतल्या भरत नाट्य मंदिरात प्राथमिक फेरी सुरू झाली की 'आवाज कुणाचा' ही आरोळी रस्त्यापर्यंत ऐकू येते. स्पर्धा किती गांभीर्याने घेतली जाते? 2022 साली परीक्षकांनी करंडक एकाही संघाला दिला नाही आणि शहरभर त्यावर वाद रंगले. कॅम्पसच्या दृष्टीने महत्त्वाचं हे, की रंगमंचावर सात-आठ जण दिसले तरी मागे प्रकाश, संगीत, नेपथ्य, कपडे, रंगमंचावरच्या वस्तू आणि धावपळ धरून वीसेक मुलं महिनाभर रोज तीन-चार तास एकत्र असतात. पहिल्या वर्षाच्या मुलाला मित्र मिळतात ते असे. ज्याला अभिनय जमत नाही त्याने फिरोदिया करंडकाची चौकशी करावी. तिथे चित्र, शिल्प, वाद्य, नृत्य असं सगळं एकाच सादरीकरणात गुंफायचं असतं, त्यामुळे तबला वाजवणारा किंवा रांगोळी काढणाराही संघात हवा असतो.

या कसोटीवर एसपी आम्हाला सगळ्यांत वरचढ वाटतं. 1916 सालचं हे कॉलेज टिळक रस्त्यावर आहे. टिळक स्मारक मंदिर जवळ, भरत चालत जाण्याच्या अंतरावर, आणि मैदान भलंमोठं. कला, विज्ञान, वाणिज्य तिन्ही शाखा एकाच आवारात असल्याने मिसळण होते. सोलापूर, बीड, धाराशिवकडून आलेल्या मुलाला इथे बुजल्यासारखं होत नाही, कारण सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर (खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन) राहणारी, मेसचा डबा खाणारी आणि रात्री अभ्यासिकेत बसणारी त्याच्या भागातली मुलं पावलोपावली भेटतात. गैरसोयही याच पेठेची: खोलीत चार कॉट, कपडे वाळत घालायला जागा नाही आणि गाडी लावायचा रोजचा वाद.

फर्ग्युसनचा दिमाख वेगळा. 1885 पासूनचं कॉलेज, मागे हनुमान टेकडी, समोर रस्त्यावर वैशाली आणि रूपाली ही हॉटेलं. आवार इतकं मोठं की एकटं राहायची सवय असलेल्यालाही कोपरा सापडतो. देशभरातली मुलं येतात, कट्ट्यावर हिंदी-इंग्रजी सर्रास चालते. मराठी माध्यमातून आलेल्यांपैकी काही जण पहिले दोन-तीन महिने गप्प बसतात, ते याच कारणाने. त्यावर उपाय म्हणजे मराठी वाङ्मय मंडळ किंवा नाटकाच्या गटाची दारं जुलैतच ठोठावणं. दिवाळीनंतर गट घट्ट झालेले असतात आणि नव्याने शिरणं अवघड जातं. दुसरी गोष्ट विज्ञान शाखेची: प्रॅक्टिकल दुपारी असतील तर तालमीला उशिरा पोहोचावं लागतं. वेळापत्रकात दुपारच्या बॅचेस किती, हे आधीच विचारा. समोरच्या रस्त्यावरचा खर्चही धरून चाला. रोजचा चहा-डोसा महिनाअखेर मेसच्या बिलाशी बरोबरी करतो, आणि जो येत नाही तो हळूहळू गटातून गळतो. याबद्दल कुणी बोलत नाही, पण हे घडतं.

शेजारचं बीएमसीसी, स्थापना 1943, त्याच डेक्कन एज्युकेशन सोसायटीचं. शुद्ध वाणिज्य. इथे कट्ट्याचं घड्याळ सीए ठरवतं. सकाळची लेक्चर्स आटोपली की निम्मी मुलं क्लासला, पुढे आर्टिकलशिपला (सीएसाठी करावी लागणारी उमेदवारी) पळतात. ध्येय ठरलेल्याला हे कॉलेज मानवतं, सोबतीही तशाच मिळतात. 'कॉलेज लाइफ' शोधणाऱ्याने मात्र दुपारी एकनंतरची शांतता एकदा बघून यावी. नाटकाचा संघ इथेही आहे. त्यात असलेला मुलगा सीएची परीक्षाही देत असेल तर ऑगस्ट-सप्टेंबर कसा काढतो, हे त्यालाच विचारा.

सीओईपीची तुलना सरळ होत नाही, कारण प्रवेश मुख्यतः सीईटीच्या (राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या) गुणांवर होतो आणि निवडीला फार वाव नसतो. तरी दोन सारख्या जागा हातात असतील तर बोट क्लबमुळे पारडं झुकू शकतं. 1928 पासूनचा हा क्लब नदीकाठी आहे आणि रेगाटाची (नौकांच्या कार्यक्रमाची) तयारी मुलंच करतात. सरावाच्या शिस्तीमुळे सीनियर-ज्युनियर ओळख रॅगिंगवाचून होते. नदीच्या वासाचं पुणेकरांना वेगळं सांगायला नको.

भिडस्त मुलांसाठी एक हमखास दार म्हणजे एनएसएस. वर्षाला 120 तास काम आणि सात दिवसांचं निवासी शिबिर. खेड्यातल्या शाळेत सतरंजीवर शेजारी झोपलेला मुलगा वर्गात शेजारी बसलेल्यापेक्षा लवकर मित्र होतो. मात्र कार्यक्रम अधिकारी उत्साही आहेत का, ते आधी कळायला हवं. गेल्या शिबिराचं गाव कोणतं आणि तिथे नेमकं काय काम झालं, एवढं दुसऱ्या वर्षाच्या मुलाला विचारलं तरी पुरे. त्याला गावाचं नावच आठवलं नाही तर काय ते समजून घ्या.

हजेरीचा नियम चारही ठिकाणी विचारा. सहसा 75 टक्के लागते. स्पर्धेसाठी हुकलेली लेक्चर्स हजर धरतात का, त्यासाठी कोणाची सही लागते आणि ती सही तालमी सुरू होण्याआधी मिळते का, हे तिन्ही प्रश्न वेगवेगळे आहेत. तिसरा न विचारल्यामुळे टर्मअखेर डिफॉल्टर (हजेरी कमी पडलेल्यांच्या) यादीत नाव लागतं.

शेवटचा मुद्दा घरच्या अंतराचा. तालीम रात्री नऊला सुटते. तळेगावहून लोकलने येणाऱ्याला शिवाजीनगर स्टेशन सीओईपीला सोयीचं आहे, फर्ग्युसनलाही चालत गाठता येतं, पण एसपीसाठी पुढची बस धरावी लागते. आठनंतरच्या लोकलच्या वेळा वहीत लिहून मगच पसंतीक्रम भरा.